मदतीला आलेल्याने कुठे उभे राहावे?

गेल्या वर्षी बी. ए. च्या वर्गात अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीवर माझा तास चालू होता. या चळवळीतील एका तरुण संघटनेने १९६६ साली आपल्या गोऱ्या सभासदांना बाहेरचा रस्ता दाखवला, एवढे मी सांगितले आणि मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, ज्यांनी त्यांच्याबरोबर मार खाल्ला, त्यांनाच बाहेर काढलं? ही कृतघ्नता नाही का?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न काही मला सोडीना. आपल्या वार्षिकाच्या निमित्ताने त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

ही संघटना म्हणजे 'स्टूडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी'. बोलताना तिला सगळे 'स्निक' म्हणत. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. त्या ठिणगीचा पुढे वणवा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीने ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले आणि 'स्निक'चा जन्म झाला. बेकरबाईंचे मत असे की, एका मोठ्या पुढाऱ्याच्या मागे जाण्यापेक्षा गावोगावच्या साध्या माणसांत स्वतः निर्णय घेण्याचे बळ यावे. पुढचा सारा वाद समजून घेण्यासाठी हे सूत्र ध्यानात ठेवले पाहिजे.

हे सूत्र घेऊन 'स्निक'चे कार्यकर्ते मिसिसिपी राज्यात गेले. तिथे चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती काळ्यांची होती. पण मतदारयादीत नाव असलेले काळे प्रौढ शंभरात जेमतेम सहा-सात. नाव घालायला गेलेल्या माणसाला राज्यघटनेतले एखादे कलम देऊन त्याचा अर्थ सांगायला लावीत आणि तो बरोबर की चूक हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवी. शेतमजुरी करणाऱ्या फॅनी लू हेमर १९६२ च्या ऑगस्टमध्ये अशी नोंदणी करायला गेल्या, आणि त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना घराबाहेर काढले. पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना बेदम मारहाण झाली. अशी माणसे मार खात होती, प्रसंगी जिवानिशी जात होती. पण देशाच्या वर्तमानपत्रांत त्याची दोन ओळींचीही बातमी येत नव्हती.

यातून १९६४ च्या उन्हाळ्याची योजना निघाली. उत्तरेकडील नामांकित विद्यापीठांतून सुमारे हजार स्वयंसेवक मिसिसिपीत आणायचे. त्यांत बहुतेक गोरे आणि सुखवस्तू घरांतले, कारण जामिनासाठी लागणारे पाचशे डॉलर ज्याचे त्याने आणायचे होते. हिशेब सरळ आणि कडवट होता: श्रीमंत गोऱ्यांच्या मुलांना मार बसला तर देश डोळे उघडील.

याला संघटनेतूनच विरोध झाला. काही स्थानिक कार्यकर्ते म्हणाले, "ही शिकलेली मुले येतील, चटचट काम करतील आणि आमची माणसे मागे सरतील." उलट हेमरबाईंचे म्हणणे असे की, भेदाची भिंत पाडायला निघालेल्यांनी स्वतःच दुसरी भिंत बांधू नये. मिसिसिपीत काम उभे करणारे गणिताचे शिक्षक बॉब मोझेस यांनीही योजनेच्या बाजूने कौल दिला. गंमत म्हणजे पुढे दोन्ही पक्ष खरे ठरले.

उन्हाळा सुरू होतो न होतो तोच, २१ जून १९६४ रोजी, तीन कार्यकर्ते नाहीसे झाले. जेम्स चेनी हा मिसिसिपीचाच कृष्णवर्णीय तरुण. अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे न्यूयॉर्कचे गोरे. सारा देश हादरला. केंद्र सरकारने शोधासाठी शेकडो माणसे लावली. ४ ऑगस्टला तिघांची प्रेते एका मातीच्या बांधाखाली सापडली. पण त्याआधी, शोध चालू असताना, नदीत आणखी दोन काळ्या तरुणांचे अवशेष मिळाले होते. हेन्री डी आणि चार्ल्स मूर यांना मे महिन्यातच मारून पाण्यात टाकले होते, आणि त्यांच्यासाठी देश हलला नव्हता. श्वर्नरच्या पत्नीने त्याच वेळी स्पष्ट सांगितले की, एकटा चेनी बेपत्ता असता तर ही धावपळ झालीच नसती. स्वतःचा नवरा गमावलेल्या त्या तरुण स्त्रीने ही विषमता लपवली नाही. मदतीला आलेल्या माणसाचा मोठेपणा मला इथे दिसतो.

म्हणजे गोऱ्यांच्या येण्याने जे व्हायला हवे होते ते झाले. चाळीसच्या वर 'स्वातंत्र्यशाळा' चालल्या. पुढे १९६५ चा मतदान हक्क कायदा आला आणि १९६७ पर्यंत मिसिसिपीतील काळ्यांची मतदारनोंदणी साठ टक्क्यांच्या जवळ पोचली. पण विरोधकांची भीतीही खरी ठरली. कचेरीत टंकलेखन कोण करणार? ज्याला येते तो. पत्रकारांशी कोण बोलणार? ज्याचे इंग्रजी सफाईदार आहे तो. गावातली जी मुलगी महिनाभरात अडखळत का होईना पत्रक काढायला शिकली असती, ती आता बाजूला उभी राहून पाहू लागली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. चांगुलपणानेच हे घडत होते, म्हणून त्याला हरकत घेणेही अवघड होते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणण्यापेक्षा पुस्तक वाचताना मला माझाच एक प्रसंग आठवला, असे म्हणणे खरे. मी विद्यार्थी असताना आमचे समाजसेवा शिबिर एका खेड्यात होते. गावाबाहेरच्या दलित वस्तीला नळ नव्हता. वस्तीतल्या एक मावशी कित्येक वर्षे त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होत्या. आम्ही उत्साहाने पुढे झालो. आमच्यातल्या एकाने फर्मास कन्नडात अर्ज लिहिला, मी सह्या-अंगठे गोळा केले आणि तहसीलदारांपुढे आम्हीच बोललो. मावशी दारापाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी आत बोलावले नाही, मीही नाही. नळ आला. आमचे कौतुक झाले, वार्षिकात छायाचित्रही छापून आले. दोन वर्षांनी सहज त्या बाजूला गेलो तर नळ कोरडा. मावशी म्हणाल्या, "बरं झालं आलास बाळा. तुमच्या कालेजातली पोरं कधी येणार म्हणून वाट बघतोय." त्या वाक्याने मला आनंद व्हायला हवा होता, पण मान वर करवेना. जी बाई आमच्या आधी एकटी कचेरीत जात होती, तिला आम्ही वाट बघायला शिकवले होते.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. ऑगस्ट १९६४ मध्ये मिसिसिपीच्या काळ्या मतदारांनी स्वतःचा 'फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष' काढून ६८ प्रतिनिधी अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनाला पाठवले. राज्यातल्या गोऱ्यांच्या प्रतिनिधींऐवजी आम्हाला बसवा, ही त्यांची मागणी. हेमरबाईंनी आपली कहाणी सांगितली आणि दूरचित्रवाणीवर देशाने ती ऐकली. पक्षश्रेष्ठींनी तडजोड पुढे केली: दोन जागा देऊ. इतकेच नव्हे, त्या दोन जागांवर कोण बसणार हेही त्यांनीच ठरवून टाकले: एक काळा, एक गोरा. चळवळीच्या अनेक हितचिंतकांनी, त्यांत काळे पुढारीही होते, हे पदरात पाडून घ्या असा सल्ला दिला. प्रतिनिधींनी तो नाकारला. जागा किती, हा प्रश्न होताच. पण आपला प्रतिनिधी दुसऱ्याने नेमावा, हे त्यांना अधिक लागले.

या पार्श्वभूमीवर १९६६ कडे पाहावे. त्या वर्षी मे महिन्यात स्टोकली कारमायकेल 'स्निक'चे अध्यक्ष झाले. जूनमध्ये ग्रीनवुडच्या सभेत 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा गाजली. डिसेंबरच्या बैठकीत गोऱ्या सभासदांना वगळण्याचा ठराव १९ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला. २४ जण तटस्थ राहिले. हे आकडेच सांगतात की निर्णय हसतखेळत झाला नाही. ठरावाच्या समर्थकांचा मुद्दा असा होता: वंशद्वेष काळ्यांच्या वस्तीत जन्मत नाही, तो गोऱ्यांच्या घरात जन्मतो, तेव्हा गोऱ्या मित्रांनी आपल्या लोकांत जाऊन काम करावे. अलाबामाचे बॉब झेलनर हे 'स्निक'चे पहिले गोरे पूर्णवेळ कार्यकर्ते. अनेकदा मार खाल्लेले. त्यांनाही पूर्वीचे स्थान मिळाले नाही. ते दुखावले, पण त्यांनी पुढे दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या मजुरांना काळ्या मजुरांच्या बरोबरीने संघटित करण्याचे काम हाती घेतले. ज्या घरांत काळ्या कार्यकर्त्याला उंबरा ओलांडता आला नसता, तिथे ते जाऊ शकत होते.

दक्षिण आफ्रिकेतही असेच घडले. १९६७ साली तिथल्या संमिश्र विद्यार्थी संघटनेचे अधिवेशन ऱ्होड्स विद्यापीठात भरले, तेव्हा काळ्या प्रतिनिधींची राहण्याची सोय वेगळी केली होती. स्टीव्ह बिको यांनी अधिवेशन तहकूब करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. निषेध नोंदवून गोरे मित्र आपल्या वसतिगृहात झोपायला गेले, असे म्हटले तरी चालेल. १९६९ मध्ये बिको वेगळ्या 'सासो' संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. तिने 'काळा' या शब्दात भारतीय वंशाच्या लोकांनाही सामावून घेतले, ही गोष्ट आपल्याला विशेष वाटावी.

तर मग वगळणे हाच धडा काय? मला तसे वाटत नाही. 'स्निक'ला त्याची किंमत मोजावी लागली. उत्तरेकडून येणारा पैसा आटला, सरकारी दडपशाही वाढली आणि काही वर्षांत संघटना संपली. आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण त्यात ब्राह्मण नसावेत अशी अट घातली. डॉ. आंबेडकरांनी अट मानली नाही. त्यांचे भांडण वृत्तीशी होते, जन्माशी नव्हते. २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला तो ब्राह्मण असलेल्या गं. नी. सहस्रबुद्धे यांनी. पण सत्याग्रह कधी करायचा आणि कधी थांबवायचा, हे सहस्रबुद्ध्यांनी ठरवले नाही. ते ज्यांचे दुःख होते त्यांनी, त्यांच्या नेत्याने ठरवले.

हे दोन देशांचे नाते ओढूनताणून आणलेले नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन.

त्या विद्यार्थिनीला आता मी एवढेच सांगेन. कृतज्ञता हा दोन माणसांमधला व्यवहार आहे. नेतृत्व हा त्याचा मोबदला नव्हे. मदतीला जाणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मी परत गेल्यावर हे काम चालवणारे कोणी इथे तयार झाले का? आणि जे इथे बोलतो, ते मी माझ्या घरी, माझ्या गल्लीत, माझ्या नातलगांत बोलतो का? पहिल्या प्रश्नाला मावशींच्या दारात मी नापास झालो. दुसऱ्याचा अभ्यास अजून चालू आहे.