त्रुटी एक, वाचक दोन : संकेतस्थळांवरील त्रुटी-संदेश आणि शेतकऱ्यांच्या माहितीची सुरक्षितता

बियाण्यांची आगाऊ नोंदणी, माती परीक्षणाचा अहवाल, रोपांची मागणी, प्रशिक्षणासाठी अर्ज अशा अनेक सेवा आज देशभरातील कृषी संशोधन संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे संकेतस्थळांद्वारे देत आहेत. या सेवा घेताना शेतकरी आपले नाव, मोबाइल क्रमांक, जमिनीचा तपशील आणि कित्येकदा बँक खात्याचा क्रमांकही विश्वासाने नोंदवतो. या माहितीच्या रक्षणाचा विचार करताना पासवर्ड, कूटलेखन आणि फायरवॉल यांची चर्चा होते. मात्र प्रणाली बिघडते त्या क्षणी ती पडद्यावर काय लिहून दाखवते, या साध्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते.

बिघाडाच्या पानावर काय उघड होते?

डेटाबेसशी संपर्क तुटला, एखादी फाइल सापडली नाही किंवा अर्जातील संख्येच्या जागी अक्षरे आली, की संकेतस्थळामागील प्रोग्राम थांबतो. योग्य व्यवस्था नसेल तर थांबण्याचे संपूर्ण कारण वापरकर्त्याच्या पडद्यावर उमटते. त्यात प्रोग्राममधील फाइलींचे मार्ग, आज्ञावलीच्या ओळी, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डेटाबेसमधील तक्त्यांची नावे, तर कधी सर्व्हरचा अंतर्गत पत्ता आणि पासवर्डही असतो. शेतकऱ्याला यातील एकही ओळ उपयोगाची नाही. घुसखोराला मात्र हा आयता नकाशाच मिळतो.

काही वेळा तर नकाशाचीही गरज उरत नाही. असुरक्षित रकान्यातून घुसखोर डेटाबेसला एखाद्या गोपनीय मजकुराचे संख्येत रूपांतर करण्यास सांगतो. ते अशक्य असल्याने डेटाबेस 'अमुक मूल्याचे रूपांतर करता आले नाही' असे कळवतो, आणि त्या 'अमुक'च्या जागी गोपनीय मजकूरच छापलेला असतो. असा संदेश पडद्यावर पोहोचला, तर त्रुटी-संदेश हाच चोरीचा मार्ग ठरतो.

२०१० चा धडा

दिसणारा मजकूर लपवला म्हणजे काम संपले, असेही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ज्युलियानो रिझो आणि थाय डुओंग या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट प्रणालीतील एक दोष प्रात्यक्षिकासह मांडला. कूटबद्ध मजकुरात थोडा थोडा फेरफार करून तो सर्व्हरकडे वारंवार पाठवला, की फेरफाराच्या स्वरूपानुसार सर्व्हरची त्रुटी-उत्तरे वेगवेगळी येत. एवढ्या फरकावरून, किल्ली हाती नसतानाही, मूळ मजकूर उलगडता येत होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसृत करेपर्यंत जो तात्पुरता उपाय सुचवला, त्याचे सार असे होते : सर्व त्रुटींसाठी एकच पान दाखवावे. २८ सप्टेंबर २०१० रोजी दुरुस्ती उपलब्ध झाली.

हाच धडा प्रवेशाच्या पानालाही लागू पडतो. 'हा मोबाइल क्रमांक नोंदणीकृत नाही' आणि 'पासवर्ड चुकीचा आहे' असे दोन वेगळे संदेश दिले, तर कोणते शेतकरी नोंदणीकृत आहेत याची यादी बाहेरच्या व्यक्तीला तयार करता येते. 'मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड जुळत नाही' असा एकच संदेश पुरेसा असतो.

दोष कोठून येतो?

या गळतीमागे बहुधा अज्ञान नसते, तर विकासकाच्या सोयीसाठी केलेली मांडणी तशीच प्रत्यक्ष वापरात आलेली असते. जँगोमध्ये नवा प्रकल्प सुरू केला की 'डिबग' सुविधा चालूच असते. लाराव्हेलच्या नमुना सेटिंगमध्येही ती चालू असते. पीएचपीमध्ये सेटिंगची फाइलच नसेल, तर 'डिस्प्ले एरर्स' हा पर्याय चालू राहतो. प्रोग्राम लिहिताना हे उपयुक्तच असते; शेतकऱ्यांसाठी खुल्या केलेल्या सर्व्हरवर ते धोकादायक ठरते. लाराव्हेलमधील त्रुटी-पान दाखविणाऱ्या 'इग्निशन' या घटकात २०२१ मध्ये असा दोष उघडकीस आला, की डिबग चालू असलेल्या सर्व्हरवर बाहेरून थेट आज्ञा चालविता येत होत्या.

आणखी एक कारण व्यवहारातले आहे. संकेतस्थळाची सुरक्षा तपासणी होते तेव्हा डिबग बंद असते. पुढे नोंदणीच्या शेवटच्या दिवशी काही बिघडते, दुरुस्तीसाठी घाईने ते चालू केले जाते आणि बंद करायचे राहून जाते. म्हणूनच एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायमची हमी देऊ शकत नाही.

नमुना क्रमांकाची पद्धत

त्रुटीला दोन वाचक असतात. एक शेतकरी, ज्याला पुढे काय करावे हे कळायला हवे. दुसरा तंत्रज्ञ, ज्याला काय बिघडले हे कळायला हवे. दोघांना एकच मजकूर दाखवल्याने दोघांपैकी कोणाचेच समाधान होत नाही. यावरील उपाय आपल्या प्रयोगशाळांना नवा नाही. मृद आरोग्य पत्रिकेत शेतकऱ्याला १२ घटकांची स्थिती व खतांची शिफारस मिळते; उपकरणांची कच्ची निरीक्षणे प्रयोगशाळेच्या नोंदवहीत राहतात. या दोहोंना जोडतो तो नमुना क्रमांक.

संकेतस्थळानेही हेच करावे. त्रुटीचा पूर्ण तपशील सर्व्हरवरील सुरक्षित नोंदीत म्हणजे लॉगमध्ये जावा आणि शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पुढीलप्रमाणे संदेश दिसावा :

'आपला अर्ज या क्षणी नोंदवता आला नाही. कृपया अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा. अडचण कायम राहिल्यास संदर्भ क्रमांक ४१७२०९ सांगून केंद्राशी संपर्क साधावा.'

शेतकऱ्याने दूरध्वनीवर हा क्रमांक सांगितला, की तंत्रज्ञ नेमक्या नोंदीपर्यंत पोहोचतो. हा क्रमांक यादृच्छिक असावा. त्यातून तारीख, अर्जदार किंवा अर्जांची संख्या यांचा अंदाज येऊ नये.

मात्र सर्वच संदेश मोघम करणे चुकीचे ठरेल. 'मोबाइल क्रमांकात १० अंक असावेत' किंवा 'छायाचित्राची फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे' हे शेतकऱ्याच्या हातून दुरुस्त होणारे दोष आहेत. ते स्पष्टच सांगावेत. प्रणालीच्या अंतर्गत रचनेविषयी मात्र काहीही सांगू नये.

नोंदींचीही काळजी

तपशील लॉगमध्ये गेला, की लॉगचे रक्षण आवश्यक ठरते. लॉगची फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये नसावी. पासवर्ड, ओटीपी, आधार व खाते क्रमांक त्यात लिहिले जाऊ नयेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जतन करणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

केंद्रप्रमुखांसाठी तपासणी

पुढील तपासणीस संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. ती केवळ आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर, तंत्रज्ञांना पूर्वसूचना देऊन, शक्यतो चाचणी प्रतीवर करावी.

१. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे अस्तित्वात नसलेल्या पानाचे नाव लिहून पाहावे.
२. संख्येच्या रकान्यात अक्षरे व एखादे अवतरणचिन्ह भरून अर्ज पाठवावा.
३. छायाचित्राच्या जागी रिकामी फाइल जोडावी.
४. चाचणी प्रतीवर डेटाबेस बंद करवून पान उघडावे.

प्रत्येक वेळी साधा, समजेल असा संदेश दिसला पाहिजे. चौथ्या चाचणीत त्यासोबत संदर्भ क्रमांकही हवा. फाइलचा मार्ग, आज्ञावलीची ओळ किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसल्यास त्या पानाचे छायाचित्र घेऊन तंत्रज्ञांकडे त्वरित द्यावे. प्रत्येक दुरुस्तीनंतर, तसेच हंगामी नोंदणी खुली होण्यापूर्वी ही तपासणी पुन्हा करावी. संकेतस्थळ बाह्य संस्थेकडून करून घेतले असल्यास ही अट करारातच नमूद करावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि तपासणीची जबाबदारी सोपवलेली एक नेमकी व्यक्ती.