घारापुरीची लेणी आणि आपली श्रद्धा

न्हावा शेवा म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे गोदीवरील उंच क्रेन, एकावर एक रचलेले कंटेनर आणि ट्रेलरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहतात. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरासमोर, खाडीच्या पाण्यात, दोन टेकड्यांचे एक हिरवे बेट आहे. तेच घारापुरी; पर्यटकांच्या भाषेत एलिफंटा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून असंख्य प्रवासी धावत्या मोटारीतून ते बेट पाहतात आणि पुढे जातात.

या बेटावरील लेण्यांना १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या धर्मग्रामांच्या सहलीही तेथे जातात. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, ही तर दुसऱ्या धर्माची देवस्थाने. आपण ख्रिस्ती माणसांनी ती कौतुकाने पाहावीत का? अशा गोष्टींच्या अभ्यासाने आपली श्रद्धा डळमळीत होणार नाही ना?" प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

संत पौलाने घालून दिलेला धडा

प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात संत पौल अथेन्स नगरीत येतो. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचे मन अस्वस्थ होते. तरीही तो पाठ फिरवीत नाही. तो त्यांची पूजास्थाने लक्षपूर्वक पाहतो. अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी त्याच्या नजरेस पडते आणि तेथूनच तो आपल्या भाषणाला आरंभ करतो. एवढेच नव्हे, तर अथेन्सकरांना ओळखीच्या असलेल्या कवींच्या वचनाचा तो आधार घेतो.

पौलाने तेथे तीन गोष्टी जाणून घेतल्या : त्या लोकांची कला, त्यांचे साहित्य आणि त्यांची श्रद्धा. कोणतीही प्राचीन संस्कृती समजून घेण्याच्या या तीन किल्ल्या होत. त्यांतील एकच हाती असेल, तर कुलूप उघडत नाही. घारापुरी हे याचे आपल्या दारातील उदाहरण आहे.

दगड बोलतो, पण अर्धेच

मुख्य लेण्यात शिरताच समोरच्या भिंतीवर पाच मीटरांहून अधिक उंचीची भव्य त्रिमुखी मूर्ती दिसते. मधले मुख शांत, ध्यानमग्न. एका बाजूचे उग्र. दुसऱ्या बाजूचे कोमल, स्त्रीसुलभ. अनेक वर्षे पाहणाऱ्यांनी तिला 'त्रिमूर्ती' म्हटले, म्हणजे ब्रह्मा, विष्णू आणि महेश. काहींना तर आपल्या पवित्र त्रैक्याची आठवण झाली. ही दोन्ही अनुमाने चुकीची होती. शैव ग्रंथांचा आधार घेतल्यावर अभ्यासकांनी स्पष्ट केले की, हा पंचमुखी सदाशिव आहे. तीन मुखे आपल्याला दिसतात. चौथे मागे आणि पाचवे वर मानले जाते. केवळ डोळ्यांवर विसंबल्यास कशी फसगत होते, याचा हा उत्तम दाखला आहे.

भोवतालच्या शिल्पपटांचेही तसेच आहे. शिवपार्वतीचा विवाह, गंगेचे अवतरण, अंधकासुराचा वध, कैलास हलवू पाहणारा रावण ही दृश्ये पुराणकथा ठाऊक असलेल्या माणसाशीच बोलतात. विवाहाच्या पटातील पार्वतीची खाली झुकलेली मान पाहिली की मराठी घरातील कन्यादानाचा प्रसंग आठवतो. कथा ठाऊक नसेल, तर ती केवळ एक सुंदर पण मुकी आकृती राहते.

शब्द हरवला तेव्हा

ही लेणी कोणी कोरविली? त्यांवर आज निर्णायक असा लेख नाही. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडल्यामुळे आणि शिल्पांच्या शैलीवरून ती सहाव्या शतकाच्या मध्याची असावीत, असे अनेक विद्वान मानतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे त्यांपैकी एक. दुसरा धागा दूर कर्नाटकात मिळतो. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील ६३४ सालच्या शिलालेखात, पश्चिम समुद्राचे वैभव असलेल्या 'पुरी' नगरीवर त्याने नौकांनिशी स्वारी केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. काहींना ते मान्य नाही. बेटावर रोमन जगातील मद्याच्या कुंभांचे तुकडेही मिळाले आहेत. म्हणजे आज जेथे कंटेनरची जहाजे नांगर टाकतात, त्या खाडीत दोन हजार वर्षांपूर्वीही परदेशी माल उतरत होता.

पण या लेण्यांचा स्वतःचा एक लेख होता. आणि येथे आपल्याला आपल्याच इतिहासाकडे वळावे लागते.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. घारापुरीही त्यांच्याकडे गेली. तेथील एका दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. (तो हत्ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.) पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूटो याने नोंदविले आहे की, लेण्याच्या दारावरील मोठ्या अक्षरांचा शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. येथे तो कोणालाही वाचता आला नाही. तेथेही वाचता आला नाही. आणि पुढे तो शिळाखंडच नाहीसा झाला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले. आज आपले विद्वान तो लेख कदाचित सहज वाचू शकले असते. पण वाचायला दगडच उरला नाही.

वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५३४ साली ही लेणी पाहिली. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, तेव्हा ती पाहण्याजोगी होती. पुढे आत गुरे शिरून त्यांची नासधूस झाली. सैनिकांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्या, असेही परंपरेने सांगितले जाते. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत तर फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी चर्च उभारले. तेथील एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस आजही दिसतो. आपल्या पूर्वजांना ज्यांच्याकडून श्रद्धेचे दान मिळाले, त्यांच्याच काळात हे घडले. ते दान अनमोल आहे, म्हणून ही हानी लपवावी असे नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकालीन अपराधांबद्दल जाहीर क्षमा मागितली, तेव्हा अन्य संस्कृतींचा व धर्मांचा झालेला अनादरही त्यात होता.

दुसरी वाटही आपलीच

याच काळात दुसऱ्या वाटेने जाणारेही होते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा आणि पुराणकाव्याची रीत आत्मसात केली आणि १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्यांतून तारणाची कथा मराठीत आणली. त्यांनी अभ्यास केला म्हणून त्यांची श्रद्धा उणी झाली नाही. उलट तिला आपली भाषा मिळाली.

विसाव्या शतकात स्पॅनिश जेझुइट फादर हेन्री हेरास यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९२६ साली भारतीय इतिहासाची संशोधन संस्था स्थापन केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मारियेला साडी नेसवून भारतीय माता म्हणून रंगविले, तेव्हा टीका झाली. फादर हेरास मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात हीच दिशा दाखविली. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. त्याच वेळी ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन आहे, ही घोषणा करणे ती सोडीत नाही. अभ्यास म्हणजे उपासना नव्हे, आणि आदर म्हणजे श्रद्धेची सरमिसळ नव्हे.

श्रद्धा संग्रहालयात ठेवता येत नाही

तिसरी किल्ली शेजाऱ्यांच्या हातात आहे. महाशिवरात्रीला घारापुरीला भाविक जातात. आपल्यासाठी जे शिल्प आहे, ते त्यांच्यासाठी दैवत आहे. बेटाच्या दुसऱ्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तेही कोणाच्या तरी श्रद्धेचे ठिकाण आहे. वसईच्या किल्ल्यातील आपल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर कोणी नावे कोरली, तर आपल्याला किती यातना होतात! तीच संवेदना आपण घारापुरीला नेली पाहिजे.

म्हणून सहलीला निघण्यापूर्वी मुलांना शिल्पांमागील कथा सांगाव्यात. तेथे पादत्राणे, खाणेपिणे आणि छायाचित्रे यांबाबत मर्यादा पाळावी. एखादा हिंदू शेजारी बरोबर असेल, तर या देवाकडे तो कोणत्या भावनेने पाहतो हे त्यालाच विचारावे आणि आपण काय मानतो तेही त्याला मोकळेपणाने सांगावे. अथेन्सचा संवाद असाच सुरू झाला होता.

ज्याची श्रद्धा खडकावर उभी आहे, त्याला दुसऱ्याच्या खडकात कोरलेल्या प्रार्थनेची भीती वाटण्याचे कारण नाही. परमेश्वराने मानवाच्या हृदयात पेरलेली आपली ओढ सहाव्या शतकातील त्या अनाम कारागिरांच्या छिन्नीतही होती. ती ओळखण्याची नजर प्रभू आपणा सर्वांना देवो.