चुकणारे यंत्र आणि मोंढ्यातला शेतकरी

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीच्या आवारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली, की आडतीसमोर एका लहानशा यंत्रावरून जो वाद हमखास उद्भवतो, तो यंत्रमानवांच्या अभ्यासकांनी एकदा येऊन ऐकण्याजोगा असतो. दाण्यातला ओलावा, म्हणजे आडतीच्या भाषेत मालाची ‘हवा’, मोजणारे हे यंत्र मूठभर दाणे पोटात घेऊन आकडा दाखवते. हमीभावाच्या खरेदीची नेहमीची मर्यादा १२ टक्के, आकडा त्याच्या वर गेला, की शेतकरी यंत्राकडे नव्हे, तर ते हाताळणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, ढिगाच्या तळातून चार दाणे काढून दाताखाली फोडतो, आणि कटकन आवाज आला, की म्हणतो, “पुन्हा लावा.”

त्याचा संशय सर्वस्वी निराधार नसतो. दाण्यातील पाण्यामुळे त्याच्या विद्युत्‌गुणांत पडणाऱ्या फरकावरून हे यंत्र अनुमान काढते. पिकाची निवड चुकली, दाणे तापलेले असले किंवा नमुना केवळ वरच्या थरातून घेतला, तर अनुमान ढळणारच.

मोंढ्यातले हे यंत्र अर्थातच यंत्रमानव नव्हे, पण चुकणाऱ्या यंत्रावर माणसाने किती विसंबावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या ‘कोबॉट’ची कल्पना १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कोलगेट आणि पेश्किन या प्राध्यापकांनी मांडली, आणि आपल्याकडे चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात असे यांत्रिक हात कामगारांच्या शेजारी रुजू झाले. त्यांचा धक्का किती जोराचा असावा, याची मर्यादा २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने घालून दिली. चुकीने शरीराला इजा होऊ नये, याचा बंदोबस्त त्यामुळे बराचसा झाला. मनाचे काय, हा प्रश्न मात्र अधिक चमत्कारिक आहे.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात, डोळ्यांदेखत चुका करणाऱ्या यंत्रमानवाने संत्र्याचा रस झाडाच्या कुंडीत ओतण्यास सांगितले असता पुष्कळांनी तो निमूटपणे ओतला. (आमच्याकडचा शेतकरी आधी कारण विचारता!) उलट त्याच वर्षी अमेरिकेत संशोधक डीटव्होर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की गणिती भाकीत एकदा चुकलेले पाहिले, म्हणजे लोक त्याच्यावर, तशाच चुका करणाऱ्या माणसापेक्षा, फार लवकर अविश्वास दाखवतात. आज्ञाधारकता आणि अविश्वास ही दोन टोके एकाच मनुष्यस्वभावात नांदतात. पण २०१८ साली याच संशोधकांना असेही आढळले, की त्या भाकितात यत्किंचित फेरफार करण्याची मुभा दिली, तर ते सदोष असल्याचे ठाऊक असूनही लोक ते स्वीकारतात.

माझ्या मते “पुन्हा लावा” या दोन शब्दांत नेमकी हीच मागणी आहे. यंत्र कधीच चुकू नये, असा शेतकऱ्याचा हट्ट नसतो. चुकीविरुद्ध तक्रार करण्याची सोय आणि तिचा फैसला करणारा जबाबदार माणूस, एवढेच त्याला हवे असते. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये असताना केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, हा दिलासा खराच. परंतु त्याने मोजमापाचा वाद मिटत नाही. म्हणून प्रत्येक बाजार समितीने आवारात तपासणी झालेले दुसरे यंत्र ठेवावे, शेतकऱ्याने मागताच त्याच्यासमक्ष फेरमोजणी करावी, आणि दोन्ही आकडे सहीनिशी पावतीवर नोंदवून द्यावेत.