‘एखादी ओढली तर काय होतं?’

शाळकरी मुलांशी धूम्रपानाविषयी बोलताना आपण त्यांना कर्करोगाची भीती घालतो, पण पंधराव्या वर्षी पन्नाशीतला आजार कुणाला खरा वाटत नाही. ‘त्रास व्हायचा तो म्हातारपणी होईल, तोवर सोडून देऊ,’ हा समज बाकीच्या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी आहे. वस्तुस्थिती अशी, की नुकसान त्याच वयात सुरू होतं. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या दहा ते अठरा वर्षांच्या सुमारे दहा हजार मुलामुलींवरचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढ मंदावते आणि मुलींमध्ये हा फरक अधिक ठळक असतो, असं त्यात दिसलं. वाढीच्या वयात जे राहून गेलं, ते पुढे भरून काढणं अवघड असतं.

दुसरा गैरसमज मनाविषयीचा: ‘अभ्यासाचं टेन्शन हलकं होतं.’ नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसमध्ये दिवस काढणाऱ्या मुलांना हा युक्तिवाद पटतो, कारण पहिल्या झुरक्यानंतर खरोखर बरं वाटतं. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. त्याचा अंमल उतरला की चिडचिड, बेचैनी सुरू होते, लक्ष लागत नाही, आणि पुढची सिगारेट तेवढीच बेचैनी शमवते. म्हणजे जो ताण हलका झाला, तो बराचसा आधीच्या सिगारेटनेच दिलेला असतो. आधीच अस्वस्थ असलेली मुलं सिगारेटकडे वळतात, हा आक्षेप खरा आहे. पण अस्वस्थतेवर सिगारेट हा उपाय असता, तर ती सोडणाऱ्यांची मनःस्थिती बिघडायला हवी होती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१४ मध्ये छापलेल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात उलटंच दिसलं: सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाला होता. हे अभ्यास मुख्यतः प्रौढांवरचे आहेत, पण पौगंडावस्थेत मेंदूचा संयम आणि निर्णय सांभाळणारा भाग अजून घडत असतो, म्हणून व्यसन तिथे अधिक लवकर घट्ट होतं.

‘आम्ही रोज थोडीच ओढतो’ हेही असंच. मुलांमध्ये ओढण्याची ओढ रोजची सवय लागण्याआधीही दिसू लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसाव्या हिश्शाइतका नव्हे. भारतात २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूचं सेवन करत होते, आणि सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच ओढली होती.

‘विडी तर पानाची, नैसर्गिक’ हा समज विडी उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या सिन्नरच्या नाशिक जिल्ह्यात तरी टिकू नये. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, म्हणून विडी विझते. ती पेटती ठेवायला वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि त्याबरोबर निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड अधिक आत जातात. हुक्क्यातलं पाणी धूर थंड करतं, कोळशाचा विषारी वायू गाळत नाही. व्हेपमध्ये धूर नसला तरी बहुतेकदा निकोटीन असतं. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

यावर कुणी म्हणेल, कायदे असूनही टपरीवर मिळतंच, मग मुलांनाच धाक दाखवा. कायदे भक्कम आहेत: अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत विक्री नाही, आणि सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी-विड्यांवरही बंदी घातली. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याचा रोख विकणाऱ्या मोठ्यांवर आहे, आणि धाकही तिथेच हवा. मुलाला मारलं तर तो बडीशेप चघळून वास लपवायला शिकतो. व्यसन जागच्या जागी राहतं. त्याला मदत लागते, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सोडण्यासाठीचं समुपदेशन मोफत मिळतं. ‘का ओढलीस?’ याआधी ‘कधी ओढावीशी वाटते?’ हे विचारणारं घर आणि शाळा त्या मुलाला व्यसनातून लवकर सोडवू शकतात.