जागचा न हलणारा फोटो

शिरूर तालुक्यातल्या बैलगाडा घाटात एक बारी पंधरा सेकंदांच्या आत उरकते. चार बैल, त्यांच्यापुढे घोडी, भंडाऱ्याची उधळण, निशाण पडतं आणि गाडा वरती पोचलेलासुद्धा असतो. कॅमेरावाल्याच्या हाती त्यातून दहा-बारा फोटो लागतात, त्यातले निम्मे धुरळ्याचे. संध्याकाळी गाडामालकाच्या स्टेटसला जो व्हिडिओ झळकतो तो मात्र चांगला अर्ध्या मिनिटाचा असतो. नजर आधी शिंगांवर, मग सावकाश वशिंडावर, मग घोडीवर बसलेल्या पोराच्या दाबून धरलेल्या ओठांवर. हलगीच्या ठोक्याला फोटो बदलतो, शेवटी ‘घाटाचा राजा’ ही अक्षरं आगीसारखी पेटत येतात. एवढ्या सगळ्यात फोटोतला बैल एक पाऊलही पुढे गेलेला नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या वर्षांत घाट थंड होते, तेव्हाही बैलांचे जुने फोटो नव्या गाण्यांवर धावतच होते.

फोटोला चाल द्यायची, गाणं जोडायचं आणि व्हिडिओ करायचा, या कामाला आपल्याकडे कुणी कला म्हणत नाही. ‘पोरांचे उद्योग’ म्हणून सोडून देतात. मला ते उद्योग गंभीर वाटतात. यात बघणाऱ्याची नजर हलवली जाते. ती कुठून निघावी, किती वेळ कुठे थांबावी आणि शेवटी कुणाच्या चेहऱ्यावर टेकावी, हे कुणीतरी ठरवतं. शिरूर आणि दौंडच्या स्टुडिओंमध्ये हे ठरवणारं माणूस आता हळूहळू बदलत चाललं आहे.

लग्नाची कॅसेट आली तेव्हा हे काम ‘मिक्सिंग’मध्ये मोडायचं. ‘मिक्सिंग झालं का?’ म्हणून नवऱ्याचा बाप महिनाभर स्टुडिओत हेलपाटे घालायचा. कॅसेट सुरू झाली की गणपती, मग गुलाबाचं फूल उमलायचं आणि पाकळ्यांमधून वधूचा फोटो बाहेर यायचा. फोटो ठोकळ्याच्या बाजूंवर चिकटून गरगर फिरायचे, बदामाच्या आकारात वर-वधू सामावले जायचे. पुढे संगणक आला, एडियस, प्रोशो ही सॉफ्टवेअर आली. करिझ्मा अल्बमसाठी निवडलेले फोटोच प्रोशोमध्ये ओतले की दुपारपर्यंत तीन गाण्यांची सीडी तयार. या सगळ्याला हसणं सोपं आहे, पण त्या काळातही फोटो निवडून ओळीने लावणारा गावातलाच एक माणूस होता. नवरदेवाच्या थोरल्या चुलत्याचा फोटो राहिला तर काय होईल, हे त्याला ठाऊक असायचं.

हे काम नीट केलं तर किती बारीक असतं, ते एका फोटोवर पाहू. समजा, न्हावऱ्याच्या एखाद्या घरात १९७८ सालच्या लग्नाचा कृष्णधवल ग्रुप फोटो आहे. मांडवात बावीस माणसं. मधे वर-वधू खुर्चीवर, बायका एका बाजूला, पोरं खाली सतरंजीवर, आणि अगदी डाव्या कडेला दाराशी अर्धी चौकटीबाहेर राहिलेली, डोक्यावर पदर ओढलेली एक आत्या. हा फोटो पडद्यावर चार सेकंद ठेवायचा. आपल्याकडे व्हिडिओच्या सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एकूण १०० चौकटी झाल्या. हाय डेफिनिशन पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा. चार सेकंदांत चित्र १५ टक्के मोठं करायचं तर रुंदी २८८ बिंदूंनी वाढते. म्हणजे प्रत्येक चौकटीत तीनेक बिंदू, प्रत्येक बाजूला जेमतेम दीड. एवढी चाल डोळ्याला जाणवते, पण खुपत नाही. ती तिप्पट केली की चेहरे अंगावर धावून येतात. सुरुवातीला आणि शेवटी वेग थोडा मंद केला नाही तर प्रत्येक फोटो धक्का खाऊन सुटतो आणि धक्का खाऊन थांबतो.

हा झाला हिशेब. खरा निर्णय पुढेच आहे. वर-वधूच्या चेहऱ्यांपासून निघून हळूहळू मागे येत सगळा मांडव दाखवला, तर ते लग्न दिसतं. डाव्या कडेच्या आत्यापासून निघून उजवीकडे सरकत वर-वधूवर थांबलो, तर ते आत्याच्या नजरेतलं लग्न होतं. आणि वर-वधूपासून निघून आत्यापाशी येऊन थांबलो, तर घरातल्या म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावतात, कारण त्या आत्याचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत असतं. तीन वाटांपैकी कुठली निवडायची, हे ज्याला घरातलं माहीत आहे त्यालाच कळतं.

जुन्या फोटोंची दुसरी अडचण आकाराची. दशक्रियेच्या आदल्या रात्री श्रद्धांजलीच्या व्हिडिओसाठी घरचे जे घेऊन येतात तो बहुतेकदा पासपोर्ट फोटो असतो, रेशनकार्डावरून नाहीतर कारखान्याच्या सभासद-कार्डावरून सोडवलेला. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा तो तुकडा ३०० डीपीआयला स्कॅन केला तर ४१३ बाय ५३१ बिंदू मिळतात. पडद्याच्या उंचीला निम्मासुद्धा पुरत नाही. तोच १२००ला स्कॅन केला तर १६५० बाय २१२५च्या आसपास जातो आणि चेहऱ्याजवळ जाता येतं. घाईत मोबाइलने फोटोचा फोटो काढला जातो, ट्यूबलाइटची रेघ कपाळावर येते, व्हॉट्सअॅपवरून पुढे गेल्यावर उरलासुरला तपशीलही गळतो. मग तो झाकायला कडेने फुलं आणि निरांजनाच्या ज्योती टाकाव्या लागतात.

फोटोवरून कॅमेरा फिरवण्याच्या या पद्धतीला जगभर केन बर्न्सचं नाव चिकटलं आहे. १९९०मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर त्यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही मालिका लागली. अमेरिकेतल्या त्या यादवी युद्धाच्या काळात चलचित्र नव्हतंच, आणि काचेवर फोटो घ्यायला इतका वेळ लागे की धावती लढाई टिपणं अशक्य होतं. बर्न्सनी मेलेल्यांच्या, वाट बघणाऱ्यांच्या फोटोंवरून कॅमेरा फिरवला, पत्रं वाचून घेतली, मागे व्हायोलिन ठेवलं. २००३मध्ये अॅपलने आपल्या आयमूव्हीत ही करामत त्यांच्या नावानिशी बटणावर आणून ठेवली. बर्न्सच्या आधीही ती होतीच. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांनी १९५७मध्ये ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा माहितीपट असाच जुन्या फोटोंवर उभा केला होता. आपल्याकडे विठ्ठलभाई झवेरींनी १९६८मध्ये गांधीजींवर साडेपाच तासांचा चित्रपट केला, त्यातही चित्रफितींच्या जोडीला छायाचित्रांचा मोठा आधार घेतला होता.

पण मराठी मुलखाला हे परदेशातून शिकावं लागलं नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी अजूनही पोथी उलगडतात. एक चित्र पुढे धरायचं, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर त्यातला प्रसंग गायचा, मग ते मागे टाकून पुढचं. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. पैठणी शैलीतली अशी जुनी चित्रं पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. रावणाच्या चित्रावर किती वेळ थांबायचं ते गाणारा समोरच्या माणसांकडे बघून ठरवतो.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२पासून आपल्या मुलांना हाताशी धरून शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे जादूच्या कंदिलाचे, खेळ केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, एकाहून अधिक कंदील, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांच्या काचा पटापट बदलून आणलेली हालचाल, आणि जोडीला निवेदन नि संगीत. ल्युमिएर बंधूंचं सिनेमॅटोग्राफ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आलं ते ७ जुलै १८९६ला, म्हणजे चार वर्षांनी. १९०२च्या अहमदाबाद काँग्रेसमध्येही पटवर्धनांचा खेळ झाला. त्याच सुमाराला मिशनरी मंडळी जादूचा कंदील घेऊन गावोगाव फिरत होती. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं तेही याच वर्षांत; दुष्काळातून आणलेल्या मुलींची छायाचित्रं तिथून परदेशी पुस्तकांत पोचली आणि त्यांनी तिकडच्या लोकांना हात सैल करायला लावले. आणि दादासाहेब फाळके? सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१२मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं एकेक चित्र रोज घेत त्यांनी रोप वाढताना दाखवलं. एकेक स्थिर फोटोच होते ते.

संगीताचा मामला मात्र शिरूर-दौंड या दोन तालुक्यांत जास्त रंगतो. इथे गाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. चौफुल्याची कलाकेंद्रं दौंड तालुक्यात, आणि कवठे यमाई हे तमाशाचं गाव शिरूर तालुक्यात. वगनाट्यं आणि लोकगीतं लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. २०२१मध्ये ते गेले. हलगी, ढोलकी, संबळ यांच्या लयीवर फोटो बदलायचे तर कान हवा. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं घेतलं तर दर अर्ध्या सेकंदाला ठोका पडतो, म्हणजे साडेबारा चौकटींना. अर्धी चौकट नसते. म्हणून एकदा बारावर, एकदा तेरावर कापायचं. जो नुसते बारा-बारा मोजत जातो, त्याचे फोटो दहाव्या ठोक्याला गाण्याच्या पुढे निघून गेलेले असतात आणि बघणाऱ्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. त्यातून हलगी वाजवणारा जिवंत माणूस असला तर तो मधेच चढतो. मग मोजणी बाजूला ठेवून कानानेच कापावं लागतं.

गाण्याच्या हक्काचं कोडं निराळं. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणं वाजवण्याला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे. तेच गाणं जोडून व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की ती सूट कामाला येत नाही. यंत्रणा सूर ओळखते, आणि आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात. म्हणून बऱ्याच लग्नांचे व्हिडिओ बिनमालकीच्या, कुठल्याच मातीच्या नसलेल्या पियानोवर सरकताना दिसतात. कवठ्याच्या शेजारच्या गावातलं लग्न, आणि मागे हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत!

सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, फेब्रुवारी २०१७ला व्हॉट्सअॅप स्टेटस. चोवीस तास टिकणारं, आधी तीस सेकंदांचं, पुढे मिनिटाचं. तिथून हे काम स्टुडिओतून उठून खिशात गेलं. २९ जून २०२०ला टिकटॉकसोबत विवाव्हिडिओवरही बंदी आली, पण पोरांनी दुसरी अॅप शोधली. अलाइट मोशनमध्ये दुसऱ्याने तयार केलेला साचा उतरवून घ्यायचा, आपले आठ फोटो रिकाम्या जागी टाकायचे. चाल, झटके, ठोके, अक्षरांची आग सगळं आधीच भरलेलं. उभ्या पडद्यावर ग्रुप फोटो बसत नाही म्हणून साचा तो मधोमध कापतो. मग दाराशी उभी राहिलेली आत्या पहिल्यांदा जाते. वाढदिवस असो, शिवजयंती असो, ग्रामपंचायतीचा विजय असो, साचा तोच. ज्याने साचा केला तो सुरतेत बसलाय की इंदूरला, हे फोटो टाकणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि साचा करणाऱ्याला फोटोतलं कुणीच ठाऊक नसतं.

यावर माझी तक्रार फारशी नाही. बारावीतली मुलगी दौंड स्टेशनात लोकलची वाट बघता बघता मैत्रिणीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ करते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी पूर्वी दोनशे रुपये आणि भावाची सोबत लागली असती.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. फेब्रुवारी २०२१मध्ये मायहेरिटेज कंपनीने जुन्या फोटोतले चेहरे हलवणारी सोय आणली. आता फोटोवरून अख्खा प्रसंग रचून देणारी साधनं फोनवर आली आहेत. लग्नाच्या पडद्यावर वारलेले वडील मान वळवतात, हसतात, हात वर करून आशीर्वाद देतात, आणि मांडव हुंदके देतो. फोटोवरून नजर फिरवणारा माणूस फोटोत नसलेलं काही दाखवू शकत नाही. फार तर काही लपवतो. हे यंत्र मात्र वडिलांनी कधीच न केलेलं हसू त्यांच्या तोंडावर बसवतं. ज्या नातवाने त्यांना पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी तेच खरं हसू होऊन बसणार. दात दिसू नयेत म्हणून मिशीखाली ओठ मिटून हसणारी माणसं होती ती. यंत्राला ते कोण सांगणार? दशक्रियेच्या मांडवात प्रवचनकाराच्या बाजूला असा पडदा लावायचा की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आदल्या दिवशी बसून ठरवावं, ऐन वेळी भाच्याच्या हौसेवर सोडू नये.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न. प्रोशो बनवणाऱ्या फोटोडेक्स कंपनीने ३१ जानेवारी २०२०ला गाशा गुंडाळला. प्रोशोच्या हजारो फायली स्टुडिओंच्या जुन्या हार्डडिस्कवर पडून आहेत. जुनं सॉफ्टवेअर चालणारा संगणक बंद पडला की त्या उघडणार नाहीत. डिस्क भरली की जुन्या लग्नांचा कच्चा माल पुसलाही जातो. प्रताधिकार कायद्याच्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, काढणारा नाही. तेव्हा हिशेब चुकता करताना गाण्यासकट तयार झालेल्या व्हिडिओबरोबर मूळ फोटोही मोठ्या आकारात मागून घ्यावेत, दोन ठिकाणी ठेवावेत, आणि फोटोत कोण कोण आहे ते घरात सांगणारं माणूस आहे तोवर नावं लिहून घ्यावीत, डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून.