पद्मपाणीच्या शेजारी

छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच रिक्षावाल्याने विचारले, "अजिंठा की वेरूळ?"

मी म्हटले, "दोन्ही नको. इथले चित्रकार हल्ली काय रंगवतात, ते पाहायचे आहे."

गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "मग पानचक्कीला सोडू का, साहेब?"

त्याला तरी का हसावे? या शहराचे, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादचे, नाव निघाले की आपलेही मन शंभर किलोमीटरवरच्या अजिंठ्याकडेच धावते. मोठमोठे चित्रकारही तिकडेच धावले. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ ते १८८५ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी राबले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. तरी नकलांचा सोस काही जळाला नाही!

मी किलेअर्कला गेलो. तिथे शासनाचे कला महाविद्यालय आहे. वाटेत रंगवलेल्या भिंती लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० ची पाहुणेमंडळी येणार म्हणून शहर असे नटले होते.

जवळच्या टपरीवर चहा घेताना एका तरुणाशी ओळख झाली. चित्रकलेचाच विद्यार्थी. मोठ्या आर्जवाने त्याने मला आपल्या खोलीवर नेले. भिंतीला टेकून पाच पद्मपाणी उभे होते. तीच झुकलेली नजर, तेच हातातले कमळ. त्यांच्यामागे एक लहानसे चित्र तोंड लपवून बसले होते. मी ते ओढून काढले. निळे ड्रम, पिवळ्या घागरी, प्लॅस्टिकच्या बादल्या यांची गल्लीभर लांब रांग. माणूस एकही नाही. पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी भांडी तेवढी.

"हे विकत नाहीस?"

"सर, पद्मपाणी काढला की खोलीचे भाडे निघते. हे दाखवले की लोक 'छान' म्हणतात."

मी चपापलो. कारण मीही बहिणीसाठी पद्मपाणीच न्यायचे मनाशी ठरवले होते! आणि वर्गात तरी मी दुसरे काय करतो? गेलेल्या कवींची थोरवी सांगतो, आणि मागच्या बाकावरच्या पोराने कवितांची वही पुढे केली की "छान" म्हणून ती परत देतो.

वाचकहो, अजिंठ्याचे चित्रकार तरी काय करीत होते? पाचव्या शतकात वाकाटकांच्या अमलात त्यांनी जातककथा रंगवल्या खऱ्या. पण कथेतल्या माणसांच्या अंगावर वस्त्रे-दागिने चढवले ते आपल्याच काळाचे. ते त्या दिवसांतले ताजे चित्र होते. त्यांनीही जुन्याच्या नकला करून भाडे भागवले असते, तर आज आपण कशाच्या नकला केल्या असत्या?

मी ड्रमांचे चित्र घेतले. त्याने किंमत सांगितली, ती पद्मपाणीच्या निम्मी. मी पद्मपाणीची दिली. पोरगा ओशाळला, मीही.

आता ते आमच्या बैठकीत टांगले आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कसले चित्र?" पद्मपाणी असता, तर कुणी विचारलेच नसते.

दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलात, तर लेणी अवश्य पाहा. पण एक संध्याकाळ शहरासाठी राखून ठेवा.