सांचीच्या टेकडीखालील बंधारे : संघ, शेती आणि पाणी

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरासंबंधी एक प्रसंग आला आहे. राजगृहाहून दक्खिणागिरीकडे चारिका करीत असता भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. लहानमोठ्या बांधांनी आखलेली, चौकोनी वाफ्यांची ती शेते पाहून भिक्खूंची चीवरे या आकृतीची शिवता येतील काय, असे त्यांनी आनंदांना विचारले. आजही तुकडे जोडून शिवलेल्या चीवरात शेताची ती आकृती दिसते. तथापि, ज्या शेतांच्या सान्निध्यात संघ वाढला, त्यांचा शोध पुरातत्त्वाने फार उशिरा घेतला.

१८५१ साली कनिंगहॅम यांनी सांची, सोनारी, सतधारा, भोजपूर व अंधेर येथील स्तूप उघडले. त्यांचे लक्ष अस्थिकरंडकांवर होते. पुढे अभ्यासकांचे लक्ष शिल्प व शिलालेखांकडे गेले. टेकडीखालच्या रानाकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले.

ही उणीव लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ ज्युलिया शॉ यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. १९९८ पासून त्यांनी सांचीभोवतीच्या सुमारे ७५० चौरस किलोमीटर प्रदेशाची पायी पाहणी केली. एक स्थळ खणण्याऐवजी संपूर्ण भूप्रदेश हाच पुरावा मानावा, ही त्यांची पद्धत होय. या पाहणीत पस्तीसच्या आसपास बौद्ध स्थळे, १४५ च्या सुमारास वस्त्यांचे अवशेष आणि सतरा प्राचीन बंधारे नोंदले गेले. २००७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे बंधारे मातीच्या भरावाचे असून त्यांना दगडी बांधणीचे अस्तर आहे. खोऱ्याच्या तोंडाशी आडवा बांध घालून पावसाचे पाणी अडवावे, ही त्यांची रचना. जलशास्त्रज्ञ जॉन सटक्लिफ यांच्या साहाय्याने त्यांची साठवणक्षमता तपासण्यात आली. काळ ठरविण्यासाठी दगडकामाची स्तूपांच्या ओट्यांशी तुलना केली गेली, बंधाऱ्यांजवळील नागशिल्पे विचारात घेतली गेली आणि गाळातील कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला याचे मापनही झाले. यावरून या जलव्यवस्थेचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत, म्हणजे सांचीचा संघ वाढत होता त्याच काळात, झाला असे दिसते.

या प्रदेशाची काळी जमीन ओल धरून ठेवते. रब्बीच्या गव्हाला तेथे सिंचनाची फारशी निकड नसते. मग एवढे बंधारे कशासाठी? शॉ यांचे अनुमान असे, की ते भातशेतीसाठी असावेत. वस्ती वाढली, विदिशेसारखे नगर भरभराटले, भिक्खूंची संख्याही वाढली. या सर्वांस अन्न पुरविणारी शेती उभी करावी लागली.

येथे पालीच्या अभ्यासकासमोर एक अडचण उभी राहते. जमीन खणणे अथवा खणविणे भिक्खूस पाचित्तिय आहे. वनस्पती तोडण्यासही मनाई आहे. शेत व जमीन स्वीकारण्यापासून श्रमण गौतम अलिप्त राहतात, असे ब्रह्मजालसुत्त सांगते. मग संघाचा बंधाऱ्यांशी संबंध कसा जोडावा? उत्तर उपासकांत आहे. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात वने लावणाऱ्या, सेतू बांधणाऱ्या, पाणपोया व विहिरी देणाऱ्या दात्यांचे पुण्य सतत वाढते, असे म्हटले आहे. जलकार्य हे असे दानधर्माचे अंग झाले. पुढे व्यवहारही बदलला. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिल्याची नोंद आहे.

तरीही सावधपणा हवा. गिरनारच्या शिलालेखाने सुदर्शन तलावाच्या निर्मात्यांची नावे सांगितली आहेत. सांचीच्या बंधाऱ्यांविषयी असा लेख नाही. ते राजसत्तेने बांधले, ग्रामस्थांनी की संघाच्या आश्रयदात्यांनी, हे निर्णायकपणे म्हणता येत नाही. सान्निध्य व समकालीनता हाच येथील पुरावा आहे.

परंतु एवढ्यानेही एक जुना आक्षेप दुर्बळ होतो. बौद्ध संघ जगापासून पाठ फिरवून बसलेला, श्रमणाऱ्यांवर पोसला जाणारा वर्ग होता, असे सांगितले जाते. सांचीच्या रानातील पुरावा वेगळे दाखवितो. टेकडीवर स्तूप, उतारावर विहार, पायथ्याशी जलाशय आणि पलीकडे शेते असा एकच प्रदेश तेथे दिसतो. भूक व तहान ही दुःखाचीच रूपे आहेत. त्यांच्या निवारणाची व्यवस्था करणे करुणेबाहेरचे नव्हे, असे शॉ यांच्या विवेचनाचेही सूत्र आहे.

आपणांस हे परके वाटू नये. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांच्या कलहात पाहिले. १९२७ साली महाडला त्यांनी पाण्याचाच प्रश्न हाती घेतला. पाणी कोणाचे व ते कोणास मिळावे, हा प्रश्न धम्माच्या कक्षेत प्रारंभापासून आहे. म्हणून सांचीला जाणाऱ्या उपासकांनी महास्तूपाला वंदन केल्यावर थोडा वेळ काढून टेकडीखालचा बांधही पाहावा. त्याच्या दगडांवर दात्याचे नाव नाही. पण त्याने अडविलेल्या पाण्यावर कधीकाळी अनेकांचे अन्न पिकले असावे.